बिघडलेली स्लाइड

आमच्या केंदूरची हर्षदा शिरूरला लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होती. सराव करायला घरात तिची आई, गिताबाई, स्वतःहून बोट पुढं करायची. त्या बोटातल्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून हर्षदा स्लाइड वाळवायची आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघायची.

तिच्या स्लाइडमध्ये मोठ्या मोठ्या जांभळ्या पेशींची नुसती गर्दी दिसायची. पुस्तकातल्या चित्रात तसं नव्हतं. तिला वाटलं, आपल्याकडून रंगच जास्त पडतोय. सरांनीही ओझरतं बघितलं आणि भर वर्गात म्हणाले, "बिघडवलीस. परत कर."

घरी येऊन ती रडली. गिताबाईनं दुसरं बोट पुढं केलं. "टोच. हात बसंल हळूहळू."

पुन्हा तेच दिसलं. त्या दिवसांत गिताबाईला दम लागायचा, तो कांदाकाढणीचा धरला. अंगावर निळे डाग उठायचे, ते गाईनं ढुसणी दिल्याचे धरले. पुण्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर सांगितला, तेव्हा फार उशीर झाला होता.

खाटेशी बसून हर्षदानं आईला सगळं सांगितलं. स्लाइड कधी बिघडलीच नव्हती, आजार दिसत होता आणि तिला तो ओळखता आला नव्हता.

गिताबाई म्हणाली, "म्हंजी तुझं बरोबर हुतं. मग त्या सरानं सगळ्यांपुढं तुला का बोलावं?"

जाईपर्यंत तिचा राग तेवढ्यावरच होता.