तांब्याची पट्टी

तलासरीच्या आमच्या एक्स-रे सेंटरमध्ये फिल्म अजून टाकीतच धुतो. त्या धुण्याच्या वापरलेल्या रसायनात, फिक्सरमध्ये, फिल्मवरची चांदी उतरते. ते न्यायला गुजरातच्या बाजूचा एक माणूस यायचा. पाठमोरा होऊन तांब्याची पट्टी कॅनमध्ये बुडवायचा. चांदी असली की पट्टी पांढरी होते. त्याची कायम लालच.

"काय नाय यात, भाई," म्हणत उपकार केल्यासारखा कॅन फुकट उचलायचा.

पट्टीला वॉर्निश असणार, असा मला संशय. परवा बायकोला न सांगता देव्हाऱ्यातली तांब्याची पळी नेली आणि त्याच्यासमोर बुडवली. पांढरी निघाली.

त्याने पळी निरखली. "देवाच्या वस्तूला लक्ष्मी चिकटतेच, भाई," म्हणाला आणि कॅन तिथेच ठेवून गेला.

बायको पळी रोज चिंचेने घासते. ती लाल होत नाही. मी त्या माणसाकडे बघायचो, तशी बायको आता माझ्याकडे बघते.