एकमत न सोसणारे घरमालक

गेल्या नागपंचमीच्या सकाळी अन्याय झाला तो माझ्या शेजारच्या खोलीतल्या संगीतावर. सातवा महिना, पायांना सूज, आणि गावच्या सरकारी दवाखान्याला कुलूप. नर्सबाईंची बदली झालेली, त्यांच्या जागी कुणीच नाही. मी संतापून पत्रक काढलं. त्याला पहिला विरोध केला आम्हा दोघींच्या घरमालकांनी, आबांनी. कुणाशीच सहमत न होणारा असा दुसरा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात सापडायचा नाही.

मी सरकारी दवाखाना मागितला की आबा खाजगीचे वकील. विमा विकणारा त्यांचा भाचा आला की तेच आबा सरकारचे. पाहुण्याच्या हाती पाण्याचा तांब्या देण्याआधी विचारायचे, "दवाखाना सरकारी बरा का खाजगी?" उत्तर काहीही असो, चूकच. आमच्याकडे दहाव्याला घाटावर श्रद्धांजलीची भाषणं होतात. आबा तिथंही आरोग्यधोरणावर घसरायचे. एकदा कावळा पिंडाला शिवेना, सगळे ताटकळलेले, तर म्हणाले, "त्या कावळ्याला इमा हाय का? तरी बगा कसा ठणठणीत हाय!" माझी पत्रकं मात्र ते ओसरीवर मोठ्यानं वाचायचे आणि दर ओळीला "खोटं!" असं ठोकून द्यायचे. वर मलाच म्हणायचे, "ए पत्रकवाले, पुढचं कदी काढतीस?"

मग ग्रामसभा लागली. दवाखाना एका खाजगी संस्थेला चालवायला द्यायचा, असा ठराव होता. संस्थेच्या साहेबांनी पडद्यावर चकाचक चित्रं दाखवली, वर मिसळही खिलवली. सरपंच म्हणाले, "सगळ्यांना मंजूर?" हात वर जाऊ लागले. मी विरोधात बोलले, तर माझा आवाज तर्रीच्या ढेकरांत बुडाला. संगीताचा नववा लागला होता. ती माझा हात घट्ट धरून बसली होती. तेवढ्यात आबा उठले. म्हटलं, संपलं आता!

"सगळ्यांचं एकच मत?" आबा गरजले. "गावात माणसं ऱ्हात्यात का मेंढरं?"

"बसा की आबा, जेवणं व्हायचीत," मागून कुणीतरी म्हणालं.

"तू गप. मिसळ खाऊनबी पोट भरलं न्हाई व्हय?" मग साहेबांकडं वळून, "ह्या पोरीला रात्री कळा आल्या, तिनं दार वाजवलं, तर उघडणार कोण? त्याचं नाव सांगा."

"आमची सिस्टिम आहे, काका."

"सिस्टिमला नाडी बघता येती का?"

बायका खो-खो हसल्या. साहेब पडद्यावर पुढचं चित्र शोधू लागले. वर गेलेले हात एकेक करून खाली आले. ठराव पडला. तिथंच नर्सबाईंची मागणी लिहून गेली, आणि आम्ही पाठ सोडली नाही म्हणून बाई आल्याही. संगीताला त्याच दवाखान्यात मुलगी झाली. पहिलं रडणं ऐकलं तेव्हा मी भिंतीला टेकून बसले. किती महिन्यांनी खांदे सैल सोडले असतील!

दुसऱ्या दिवशी आबांनी बाळाच्या हातावर नाणं ठेवलं आणि मला म्हणाले, "सरकारी कारभाराचा काय भरवसा?"

आता गाव माझ्या बाजूनं आहे, म्हणून आबा पुन्हा एकटे. दवाखान्यासमोरच्या पारावर बसून असतात. त्यांना लांबून पाहिलं की लोक वाट बदलतात. मीही घाईत असले की नुसता हात करून जाते. मग ते माझं जुनंच पत्रक उघडतात, "खोटं!" म्हणतात, पण हल्ली हळू.

तुमच्या गावातही असा एक जण असेल. पुढच्या ग्रामसभेला त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि सगळे हात वर जात असतील, तेव्हा आपला खाली ठेवून विचारा: दार वाजवलं, तर उघडणार कोण?