वरीलप्रमाणे

मोतीबाईंना हे नाव पडलं ते अक्षरामुळे. मनोरुग्णालयाच्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली आणि तेवढ्या काळात त्यांच्या रजिस्टरवर ना कधी शाईचा डाग पडला, ना कधी खाडाखोड झाली. डॉक्टरांनी कोंबडीचे पाय काढावेत आणि बाईंनी ते मोत्यासारखे उतरवून द्यावेत, असा रिवाजच होता. नवा साहेब बदलून आला की आधी रजिस्टरकडे बघे, मग बाईंकडे बघे आणि ‘वा!’ म्हणे. त्या ‘वा’वर त्यांची अख्खी नोकरी निघाली. नाकासमोर चालणारी बाई. यायच्या, लिहायच्या, जायच्या.

निवृत्त झाल्यावर हाताला काम उरलं नाही. तीन वर्षं वाणसामानाची यादीसुद्धा त्या पट्टीने रेघा मारून करत होत्या आणि घरातले हसत होते. अशात एके दिवशी सून त्यांच्यासमोर येऊन बसली. सून व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. तिथे ती नक्की काय करते, हे सासूबाईंना लग्नाला चार वर्षं झाली तरी कळलेलं नव्हतं.

“आई, मला तुमचं अक्षर हवंय,” सून म्हणाली.

“घेऊन जा की. इथे पडूनच आहे.”

मग सुनेने सांगितलं. गेममध्ये एका टेकडीवर वेड्यांचं जुनं इस्पितळ आहे, राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं. म्हणजे असं इस्पितळ कुठेच नव्हतं, सगळं मनातलं. खेळणारा माणूस कंदील घेऊन रिकाम्या खोल्यांतून हिंडतो, कपाटं उघडतो, कागद वाचतो आणि तिथे पूर्वी काय काय झालं ते त्याला कळत जातं. काय काय झालं त्याची यादी सुनेने आनंदाने वाचून दाखवली. बर्फाच्या पाण्याचे हौद होते, बिनखिडकीच्या कोठड्या होत्या, बायकांचे केस कापून पोत्यात भरणारा अधीक्षक होता.

“हे सगळं तुझ्या डोक्यात येतं?” मोतीबाई म्हणाल्या. “आणि माझा मुलगा तुझ्या शेजारी निर्धास्त झोपतो?”

“तुम्ही फक्त रजिस्टरं लिहायची. सहा वर्षांची सहा. नावं मी देते, कोण कधी मरते तेही देते. बाकी रकाने तुम्ही भरा. खऱ्यासारखं दिसलं पाहिजे बघा.”

खऱ्यासारखं म्हटल्यावर बाईंना हुरूप आला. त्यांनी बोरू मागवला, पिवळट कागद मागवला आणि पंधरा दिवस मान वर केली नाही. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं याचा विचार करायची गरजच पडली नाही, कारण हाताला पाठ होतं. पहिल्या नावापुढे लिहिलं, ‘पलंग पेटवला. धोकादायक. बाहेर सोडू नये.’ त्याखालच्या साऱ्या नावांपुढे लिहिलं, ‘वरीलप्रमाणे’.

कचेरीची पद्धतच तशी होती. रकाना अरुंद, यादी लांब, आणि दरवर्षी नव्या रजिस्टरात ती पुन्हा उतरवायची. म्हणून पहिल्या ओळीत शेरा पूर्ण लिहायचा, खाली सगळीकडे वरीलप्रमाणे. पहिल्या ओळीतलं माणूस मेलं, तर पुढच्या वर्षी दुसरं नाव पहिलं होई आणि शेरा त्याच्यापुढे पूर्ण लिहिला जाई. पहिली ओळ मोकळी कशी सोडणार? रजिस्टर वाईट दिसतं. नोकरीला लागल्या तेव्हा जुन्या हेडक्लार्कने त्यांना हेच शिकवलं होतं, आणि मोतीबाई शिकवलेलं विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या.

गेम तयार झाल्यावर कंपनीने आठ जणांना खेळून बघायला बोलावलं. सुनेने सासूबाईंनाही नेलं. मोठी खोली, रांगेने पडदे, आणि प्रत्येक पडद्यासमोर कानाला यंत्र लावून बसलेलं एकेक माणूस. मोतीबाई मागे खुर्चीत बसल्या होत्या. आपलं अक्षर भिंतीएवढं मोठं झालेलं बघून त्या मनातून फुलून गेल्या होत्या, खोटं कशाला बोला.

बर्फाच्या हौदाला कुणी घाबरलं नाही. कोठडीत एकाने जांभई दिली. केसांच्या पोत्यापाशी तर एक मुलगी फिस्सकन हसली. सुनेचा चेहरा उतरत चालला होता. तेवढ्यात एका दाढीवाल्याने कानाचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि तो जोरात म्हणाला, “अरे, थांबा थांबा! हे रजिस्टर बघितलंत का?”

सगळे उठून त्याच्या पडद्याशी गेले.

“पलंग या पहिल्या बाईने पेटवला,” तो बोट ठेवून सांगू लागला. “ती तिसऱ्या वर्षी मेली. तिचा शेरा दुसरीला लागला. दुसरी गेली, तिसरीला लागला. या बायकांना कुणी तपासलंच नाही. त्यांनी काही केलंही नाही. मेलेल्या बाईच्या गुन्ह्यासाठी अख्खी खोली कोंडून ठेवलीय!”

कुणीतरी “बाप रे” म्हणालं. मघाशी हसलेली मुलगी तोंडावर हात ठेवून उभी होती. मग दाढीवाल्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनीही वाजवल्या.

सून धावत मागे आली. “आई! एवढं भयंकर तुम्हाला सुचलं तरी कसं?”

मोतीबाई पडद्यावरच्या आपल्याच अक्षराकडे बघत होत्या.

“सुचलं नाही गं,” त्या म्हणाल्या. “असंच लिहितात. मी तीस वर्षं असंच लिहिलं.”

टाळ्या थांबल्या होत्या, पण सुनेच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं. ते काढायचं तिला सुचत नव्हतं.

त्या खोलीत मोतीबाईंना एकच बाई आठवत होती. त्यांच्या इस्पितळात तिला सगळे शिवणवाली म्हणत. चोवीस वर्षांची होती आणली तेव्हा. वॉर्डातल्या फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, नर्सांचे झगे, सगळं तिच्याकडे जाई. मोठी नर्स रोज सकाळी तिच्या हातात वीतभर लांब कात्री देई आणि निर्धास्त चहाला निघून जाई. कित्येकदा कचेरीत येऊन तिने मोतीबाईंच्या स्वेटरची बटणं लावून दिली होती. आणि दरवर्षी नवं रजिस्टर उघडलं की ती खिडकीशी येऊन विचारी, “बाई, माझ्यापुढे काय लिहिलंय?”

“मागच्या वर्षीचंच,” मोतीबाई म्हणत, मान वर न करता.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आत सासू-सून इस्पितळाच्या फाटकात उभ्या होत्या. कचेरीत आता कॉम्प्युटर होता. रजिस्टर हाताने उतरवावं लागत नव्हतं. एक बटण दाबलं की मागच्या वर्षीची यादी पुढच्या वर्षात जात होती. नव्या कारकुनाने ती छापून दिली. अडतीस बायका. पहिलं नाव शिवणवालीचं. पुढे पूर्ण शेरा. ‘पलंग पेटवला. धोकादायक. बाहेर सोडू नये.’ खाली सदतीस वेळा वरीलप्रमाणे.

पलंग पेटवणारी सोळा वर्षांपूर्वी न्यूमोनियाने गेली होती. त्यानंतर शिवणवालीच्या नावापुढे हा शेरा पहिल्यांदा पूर्ण लिहिणारा हात मोतीबाईंचाच होता. तो थरथरला नव्हता. उलट ‘धोकादायक’मधला ‘ध’ फार छान वळला म्हणून त्यांनी तो दोनदा बघितला होता. हेही त्यांना आता लख्ख आठवलं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

डॉक्टरबाई तरुण होत्या, येऊन चार महिने झाले होते. मोतीबाईंनी सगळं सांगितल्यावर त्यांनी माळ्यावरून शिवणवालीचा मूळ कागद काढवला. दिराने आणून सोडल्याची नोंद होती. बाळंतपणानंतर बोलत नाही, जेवत नाही. तळाशी त्या वेळच्या डॉक्टरांचे कोंबडीचे पाय होते. नव्या कारकुनाला ते लागेनात. डॉक्टरबाईंनाही लागेनात. शेवटी मोतीबाईंनीच वाचले; रजिस्टरात नाव चढवताना वाचले नव्हते.

“तीन महिने ठेवावे. मग घरी.”

“किती वर्षं झाली?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“एकतीस,” कागदावरची तारीख बघून सून म्हणाली. टेकडीवरचं ते भयंकर इस्पितळ जिने रचलं होतं, ती बोटांवर पुन्हा मोजत होती. डॉक्टरबाईंनी कारकुनाला सांगितलं, की आजपासून यातल्या एकेका बाईला त्या स्वतः तपासणार, आणि सुरुवात पहिल्या नावापासून.

“मला आधी जाऊ द्या,” मोतीबाई म्हणाल्या. “तिला हे मी सांगायला हवं.”

शिवणवाली खिडकीखाली चादर टाचत बसली होती. केस पांढरे झाले होते. कात्री मांडीजवळ होती. तिने वर बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

“अगंबाई, अक्षरवाल्या बाई! किती दिवसांनी! बसा ना. आता माझं नाव मशीन लिहितं, पण तुमच्यासारखं नाही हो. तुम्ही किती सुंदर लिहायचात.”

मोतीबाई बसल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. तीन महिन्यांचा कागद, शेरा, पद्धत, काहीही न लपवता. शिवणवाली ऐकत होती. सुई चादरीत अर्धी रुतून राहिली होती.

“म्हणजे माझ्यापुढे माझं असं काही नव्हतंच?” तिने विचारलं.

“वरीलप्रमाणे होतं.”

“वर कोण होतं?”

“पलंग पेटवणारी.”

शिवणवालीने रुतलेली सुई ओढून टाका पुरा केला. “ती गेली तेव्हा तिला गुंडाळायची चादर मीच शिवली होती,” ती म्हणाली. “सोळा वर्षं झाली. तेव्हापासून वर कोणीच नाही, बाई. तेव्हा तरी माझं लिहायचंत.”

शिवणवालीने दोरा दाताने तोडला, कात्री उचलली आणि मुठीची बाजू पुढे करून, लहान मुलाला देतात तशी जपून, त्यांच्या हातात दिली.

“ही ठेवा तुमच्याकडे,” ती म्हणाली. “धोकादायक लिहिलंय ना.”