तेल न पिणारी वहाण

वहाण करकरली की माझ्या अंगावर काटा येतो. आष्टीच्या बाजारात वहाणांचं दुकान चालवणाऱ्यानं असं म्हणावं, म्हणजे हद्दच झाली. पण येतो, खोटं कशाला बोलू!

वडील बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं वापरायचे. वहाण शिवून झाली की तिला तीन दिवस सावलीत एरंडेल पाजायचे. तेल आतवर मुरलं की कातडं ओलीत फुगत नाही, सुकल्यावर तडकत नाही. मला त्या तीन दिवसांची लई चीड. वडील गेल्यावर मी डब्यातली चकाकी आणली. वरून-खालून ब्रश मारला की तासाभरात वहाण आरशासारखी. गिऱ्हाईक खूश आणि मी हवेत.

त्या साली दसऱ्यानंतर एक ऊसतोडीची बाई आली. दरसाल तोडीला जाण्याआधी ती आमच्याकडूनच वहाणा न्यायची.

"दादा, हंगामभर टिकंल का? फडात तोडलेल्या उसाची बुडखं लई टोकदार असत्यात."

"का न्हाई टिकणार? बिनघोर जा," मी म्हणालो. त्या वहाणेला मी तेलाचा थेंबही दाखवला नव्हता.

उन्हाळ्याच्या तोंडाला ती परत आली, एक पाय ओढत. पिशवीतून वहाण काढून माझ्यापुढं ठेवली. चकाकीचे पापुद्रे सुटलेले, चवड्याखाली तळ आरपार तडकलेला. त्या भेगेतून बुडूख पायात शिरलं होतं. दोन बोटं कापावी लागली होती.

तिनं मला शिव्या द्याव्यात, असंच वाटत होतं. पण ती मान खाली घालून म्हणाली, "तुमच्या वडलांनी सांगितलं व्हतं, रोज तेल लावायचं. मी लावत व्हते, दादा. पर ते वरूनच वघळायचं. दमून जायचे, चोळायला कमी पडले बगा. माजंच चुकलं."

त्या थरातून तेल आत जाणार कुठून? लाज वाटली मला, मरणाची लाज. सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "बसा, चहा सांगतो."

तो डबा मी फेकून दिला. आता प्रत्येक वहाण तीन दिवस तेल पिते.

ती अजून दरसाल येते. लांबूनच कळतं, एक वहाण करकरते, दुसरी घासत येते. नवा जोड घेते आणि पायरीवर बसून म्हणते, "दादा, तेल कसं चोळायचं, एकदा नीट दावा की."

मी दाखवतो.