वाजत या

नवरा नगरच्या एमआयडीसीत, क्वालिटीला. तिथं पार्ट बिघडला की कुणावर ओरडत नाहीत. शांतपणे पाच वेळा 'का' विचारतात, पाचव्याला म्हणे मूळ कारण हाती लागतं, मग त्यावर इलाज करायचा. पद्धत चांगली असेल, माझं काही म्हणणं नाही. पण ती डब्यासोबत घरी आली.

मी अकोल्याकडची. आमच्यात भांडण म्हणजे आदळआपट, अन् मग एकत्र जेवण. ह्यांचा आवाज कधी चढतच नाही. मेली ती शांतता! एकदा भाजीत मीठ दोनदा पडलं. का, त्यांनी विचारलं. लक्ष नव्हतं, म्हटलं. लक्ष का नव्हतं? कान बाहेर होते. बाहेर का? तुमच्या गाडीकडे. गाडीकडे का? यायची वेळ झाली होती म्हणून. त्याचं एवढं का? मी रडकुंडीला आले अन् तोंडातून निघून गेलं, "फाटक वाजलं की मला भीती वाटते."

दुसरा कुणी चिडला असता, नाहीतर जवळ तरी घेतलं असतं. हे खुलले. सापडलं म्हणाले, अन् ती खारट भाजी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवसापासून फाटक वाजलंच नाही. बिजागरीला ग्रीस लागलं होतं. गाडी कोपऱ्यावर बंद करून ढकलत आणायचे, बूट बाहेरच काढायचे. पोळी उलटून मागं पाहावं तर हे दारात उभे, कधीपासून कोण जाणे. आधी भीती संध्याकाळपुरती होती, आता दिवसभर. भरदुपारी पडदा हलला तरी मी "आलात का?" विचारायचे अन् ऐकत उभी राहायचे.

शेवटी हात जोडले. "अहो, वाजत या. खाकरा, शिव्या द्या, पण माणसासारखं वाजत या."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. खाकरणं चालेल, म्हणाले.

मग रोज फाटकाशी खाकरणं यायला लागलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी चहा टाकायचे. एका संध्याकाळी ते ऐकून मी कप घ्यायला वळले, तर हे माझ्या पाठीशीच उभे. बाहेर खाकरणं चालूच. आवाज रोज एकसारखा हवा, म्हणून मोबाईलमध्ये भरून तो फाटकावर ठेवायचे.

"आता भीती न्हाई ना वाटत?" त्यांनी मायेनं विचारलं. खरंच मायेनं.

खरं सांगितलं की हा माणूस ते दुरुस्त करतो. मी हसून न्हाई म्हणाले, अन् दोघांचा चहा गाळला.