परत यावी म्हणून निवडलेलं पोलाद

आमच्या ह्यांना पोलादातलं सगळं कळतं, माणसांतलं ओ की ठो कळत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते. लोखंडाचा कुठलाही तुकडा फिरत्या चाकाला लावतील आणि नुसत्या ठिणग्या बघून सांगतील, हे कडक, हे मऊ, हे गंजणार नाही. बाजारात त्यांना ठिणगीमास्तर म्हणतात. चाळीस वर्षं सुऱ्या घडवतायत.

आमची एकुलती एक लेक समुद्रापलीकडे एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. दोन वर्षांत येते म्हणाली होती, त्याला पाच झाली. मग एक दिवस तिचा फोन आला. ‘‘बाबा, तुमच्या हातची सुरी पाहिजे. जपानी पद्धतीची, लांब, पातळ पात्याची.’’ हे इतके खुश झाले की जेवायलाच विसरले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तीन तुकडे मांडून बसले. एक स्टेनलेस. दुसरा गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचा, चिवट, कुणीही धार लावावी असा. तिसरा कित्येक वर्षं जपून ठेवलेला, भयंकर कडक. चाकाला लावला की ठिणग्यांची नुसती झुडपं फुटायची.

‘‘स्टेनलेस घ्या,’’ मी म्हटलं. ‘‘तिचे हात दिवसभर ओले. पोरगी स्वतःचं ताट विसळत नाही, ती सुरी कसली पुसतेय!’’

त्यांनी तिसरा उचलला. मध्ये त्याची पट्टी, दोन्ही अंगांना मऊ लोखंड, असं पातं ठोकलं. लाल करून तेलात बुडवलं. त्यानंतर पातं मंद आचेवर पुन्हा तापवतात, ठिसूळपणा जावा म्हणून. ते यांनी फार लवकर बाहेर काढलं.

‘‘अहो, कच्चं काढलंत!’’

‘‘मुद्दाम काढलं. असल्या कडक पात्याला तिथल्या कुणाच्या बापाला धार लावता येणार नाही. धार वर्षभर टिकेल, मग सुरी बोथट होईल. मग यावंच लागेल तिला.’’

मी चांगलं खडसावणार होते. चाळीस वर्षांत असलं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. पण काय सांगू, मलाही ती हवी होती हो, नुसती समोर बसलेली हवी होती. गुपचूप मीच ती सुरी तेलकट कागदात गुंडाळली आणि पाठवून दिली.

वर्ष गेलं. दर फोनला हे विचारायचे, ‘‘धार कशी आहे?’’ ती म्हणायची, ‘‘एकदम झकास!’’ की यांचं तोंड उतरलंच. आपली सुरी चांगली चालते म्हणून रडवेला झालेला कारागीर मी तेवढा एकच पाहिला. दुसरंही वर्ष गेलं.

परवा तिने व्हिडिओ कॉल केला. हे म्हणाले, ‘‘सुरी जवळ धर बघू.’’ पातं चांगलं बोटभर अरुंद झालं होतं. म्हणजे घासलं होतं, एकदा नाही, कितीतरी वेळा.

‘‘धार कुणी लावली?’’

‘‘मीच!’’ लेक हसत म्हणाली. ‘‘पहिल्याच महिन्यात टवके उडाले, बाबा. इतकी रडले! तुमची सुरी मी बिघडवली, असं कुठल्या तोंडाने सांगणार? इथून लांबच्या गावात एक म्हातारे धारवाले आहेत, त्यांच्याकडे शिकायला गेले. दोन्ही वर्षांची सगळी रजा त्यातच गेली. म्हटलं, नीट जमल्यावरच तुम्हाला दाखवायचं. जमलंय ना?’’

‘‘जमलंय,’’ हे म्हणाले. ‘‘कोन अगदी बरोबर ठेवतेस.’’

‘‘आता तुम्ही बिलकूल काळजी करू नका,’’ ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

हे काळ्या पडलेल्या स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘‘घरी यायची रजा होती गं तिची.’’ एरवी मी फाडकन काहीतरी बोलले असते. आज त्यांच्या शेजारी बसून राहिले.