येऊन राहिली

"सर, शंभर वर्षांनंतर आपल्या शहापूरचे लोक कसे बोलतीन?"

मोरेश्वर नान्हे माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. भंडाऱ्याजवळच्या आमच्या शहापूरची शाळा सुटली होती, मी स्कूटर काढत होतो आणि लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगमुळे ज्याला सारा गाव मोरूभाऊ म्हणून ओळखे, तो हा उंच, किंचित वाकलेला माणूस हँडलवर हात ठेवून उभा होता. मी म्हटलं, "असेच बोलतील, आणखी कसे?" त्यानं मान हलवली. "नाही जी. तवा सारे तुमच्या पुस्तकावाणी बोलतीन. म्हणून तं तुमच्यापाशी आलो." त्याला पुढच्या काळातला सिनेमा काढायचा होता आणि त्यातल्या माणसांसाठी शुद्ध मराठीतले संवाद हवे होते. मराठीच शिकवत असल्यामुळे मला नाही म्हणायची सोय नव्हती.

गोष्ट त्यानं हायवेवरच्या आपल्या स्टुडिओत सांगितली. शंभर वर्षांनंतरचं भंडारा. सूर्य कधी दिसत नाही, पाऊस थांबत नाही. लोक पैसे मोजून यंत्रात बसतात आणि आपल्या जुन्या आठवणी पुन्हा पाहतात. एक थकलेला गुप्तहेर आपल्या हरवलेल्या बायकोला स्वतःच्याच आठवणींत शोधत फिरतो. पण यंत्राची एक खोड आहे. आठवण जितक्यांदा पाहावी तितकी ती झिजते. "रोज घासलेला भाताचा गंज पातळ होते ना जी, तसं," असं म्हणून तो हसला. मला ते हसू आवडलं नाही.

शूटिंग मात्र धमाल होतं. गुप्तहेराचा लांब कोट म्हणजे कुण्या नवरदेवाची भाड्याची शेरवानी, काळ्या रंगात बुडवलेली. स्मरणयंत्र म्हणजे सलूनची जुनी खुर्ची आणि तिच्यावर उलटी टांगलेली ॲल्युमिनियमची परात. धानावर औषध मारायच्या फवारणी पंपानं पाऊस पडे. नाकाडोंगरीकडच्या खाणीतले मातीचे काळे ढीग हे भविष्यातलं शहर, आणि त्यावर लग्नाच्या मांडवातल्या लाइटिंगच्या माळा. गुप्तहेर मोरूभाऊ स्वतःच होता. एकदा कोणी तरी म्हणालं, भाऊ, अंधार फार होऊन राहिला, काहीच दिसत नाही. त्यावर तो तडकला, "लग्नात दिसते ना सारं! थे पाहाले मी काहून सिनेमा काढू?"

बायको सिनेमात कुठंच दिसत नव्हती. तिचा फक्त आवाज होता. मी तिच्यासाठीही चांगले चार संवाद लिहून नेले. त्यानं कागद न वाचता परत दिला, खिशातून फोन काढला आणि मला एक व्हॉइस मेसेज ऐकवला. "अजी, मी येऊन राहिली. भात मांडू नका, आल्यावर मांडीन." मागं मोटारसायकलचा आवाज होता. ती शकुन, त्याची बायको. धानाच्या रोवणीसाठी माहेरी आसगावला गेली होती आणि भावाच्या गाडीवर बसता बसता तिनं हा निरोप पाठवला होता. पवनीच्या रस्त्यावर ट्रकनं दोघांनाही उडवलं. मोरूभाऊनं हजारभर लग्नं शूट केली असतील, पण स्वतःच्या बायकोचं चालतंबोलतं असं त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

ते वाक्य त्यानं सिनेमात सगळीकडे वापरलं. मोटारसायकलचा आवाज काढला, मग 'अजी' वेगळं केलं, 'येऊन राहिली' लांबवलं, त्यात घुमारा भरला. महिनोन् महिने तो लग्नांच्या ऑर्डरी सोडून कंप्युटरपुढे बसलेला असे. मी बाजूला बसून ऐके. एका दुपारी तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "सर, आता मले शकुनचा आवाज आठवत नाही. ह्या फायलीतलाच आठवते. मी त्याले फार कापलो." मी म्हटलं, चहा घेऊ. माणसाला आपलं काय हरवत चाललंय हे दिसत असतानाही त्याचा हात थांबत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं आणि मला त्याची भीती वाटली.

सिनेमा कुठल्याशा महोत्सवाला पाठवायचा म्हणून त्याखाली सबटायटलच्या पाट्या टाकून हव्या होत्या. ते काम पुण्यातल्या एका मुलानं केलं. आमच्याकडे 'येऊन राहिली' म्हणजे येत आहे, वाटेत आहे. त्या बिचाऱ्याला ते कुठून ठाऊक? त्यानं लिहिलं, 'मी आले आणि इथेच राहिले.' मी ती चूक दाखवली आणि पुण्याला फोन लावू लागलो. मोरूभाऊ पडद्यावरचं ते वाक्य बराच वेळ वाचत होता. "राहू द्या जी," तो म्हणाला. "पोट्ट्यानं गलत लिवलन, पण मले हेच पायजे होतं."

पहिला खेळ आसगावात करायचा असा त्याचा हट्ट होता. समाजमंदिराच्या भिंतीला पांढरी चादर लावली. पुढं शकुनची आई बसली होती. लेकीला आणि लेकाला एकाच दिवशी पोचवलेली म्हातारी. तिला पाट्या वाचता येत नव्हत्या, गुप्तहेर कळला नव्हता, माझे शुद्ध संवाद तर मुळीच नाही. ती आपली जावयाकडे कौतुकानं पाहत होती. शेवटी अंधार झाला आणि आवाज आला, "अजी, मी येऊन राहिली."

म्हातारी चटकन उठून उभी राहिली. "ये वं माय, ये," ती भिंतीकडे पाहून मोठ्यानं म्हणाली. "सांभाळून ये."

मोरूभाऊनं वायर उपटली.

निघताना त्यानं फोन सासूच्या हातात दिला. कुठलं बटण दाबायचं ते शेजारच्या सुनेला दोनदा शिकवलं. घरी येऊन कंप्युटरमधला आवाज त्यानं पुसून टाकला, सिनेमातलाही. मी रागावलो, अरे, एक प्रत तरी स्वतःजवळ ठेवायचीस! तो म्हणाला, "थ्या बुढीनं हाक देल्ली जी. मी इतक्यांदा आयकलो, एकदाही 'ये' म्हटलो नाही." आता सिनेमाच्या शेवटी नुसता काळा पडदा आहे, त्याखाली पुण्याच्या मुलाची ती पाटी. महोत्सवाला त्यानं तो पाठवलाच नाही.

पुढं त्यानं कॅमेरा हाती घेतला नाही. कावीळ अंगावर काढली आणि ती लिव्हरवर गेली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते. मला जवळ बोलावून त्यानं विचारलं, "सर, तुमी तं आयकलं ना? कसा होता तिचा आवाज?"

मी म्हटलं, "आसगावला फोन लावतो. शकुनच्या आई ऐकवतील."

"नको. तिथं शकुन येऊन राहिली आहे, तिले येऊ द्या. तुमीच सांगा."

जन्मभर मुलांना विशेषणं शिकवलेला मी. गोड म्हणावं, तर तसा नव्हता. बारीक होता की भरडा, हेही मला सांगता येईना. आठवायला गेलो की त्यानं भरलेला घुमाराच कानात येई. मी त्याचा हात धरून नुसता बसून राहिलो. तो वाट पाहत माझ्या तोंडाकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला, आणि मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.